१०२ वांव पाण्याखालीं

बीड जिल्ह्याला समुद्र नाहीं, ही गोष्ट शाळेंतील भूगोलाच्या पहिल्या पुस्तकांतच सांगून संपते. उत्तरेस गोदावरी, मध्यें बालाघाटची रांग, पश्चिमेस आष्टी-पाटोद्याचा उघडा माळ आणि दक्षिणेस मांजरेचें खोरें, एवढा आमचा मुलूख. त्यांत जें पाणी आहे तें बहुधा विहिरीचें, आणि विहिरीची खोली आमच्याकडील जुनीं माणसें परसानें मोजीत. परस म्हणजे उभ्या पुरुषाची उंची. समुद्रावरील खलाशी पाणी वांवेनें मोजतात, आणि वांव म्हणजे दोन्ही बाहू पसरलेल्या पुरुषाची रुंदी. एकानें माणूस उभा लावावा, दुसऱ्यानें आडवा. पण मापाला लागतो माणूसच. हा विचार आमच्या मनांत येण्यास कारण झालें तें एका जुन्या इंग्रजी सूचीग्रंथांतील नोंदीचें. मलबारच्या किनाऱ्यापुढें १०२ वांव पाण्यांत सांपडलेल्या एका लहानशा माशाची ती नोंद आहे. १०२ वांव म्हणजे ६१२ फूट. इतक्या खोलीपर्यंत आज आमच्या जिल्ह्यांत बोअर घेतात, आणि कित्येकदां तेथून पाण्याऐवजीं नुसती धूळ वर येते.

मासा मुशीच्या जातीचा आहे. कोंकणांत लहान शार्क माशांस मुशी म्हणतात, मालवणाकडे मोरी म्हणतात. आणि मोरीचें मटण ज्यांनीं खाल्लें आहे त्यांना ह्या जातीच्या माशांत हाड नसून कूर्चा असते हें वेगळें सांगावयास नको. शार्क म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें जबडा पसरून येणारें प्रचंड जनावर उभें राहतें. परंतु ह्या कुलांत असे पुष्कळ नातलग आहेत कीं ज्यांची लांबी हातभरही भरत नाहीं. त्यांतील एका मोठ्या गोत्रास इंग्रजींत मांजराचें नांव दिलेलें आहे, तें त्यांच्या लांबट, मांजरासारख्या डोळ्यांवरून. मराठींत त्यास रुळलेलें नांव नसल्यामुळें ह्या लेखापुरतें आम्ही मांजरमुशी म्हणतों. आमच्या जिल्ह्यांत मांजरा नदी आहे, मांजरसुंबें गांव आहे. आतां ही मांजरमुशी निघाल्यावर कोणी थट्टेखोर वाचक तिन्हींचा संबंध जोडूं पाहील, त्यास आमचें सांगणें कीं असा संबंध मुळींच नाहीं.

आम्हीं ज्या मांजरमुशीविषयीं लिहीत आहों ती मोठी झाली तरी सव्वा फुटाच्या आसपास, आणि जो पहिला नमुना शास्त्रज्ञांच्या हातीं आला तो तर फुटाहूनही कमी. अंग फिकट तपकिरी, आणि त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत वीसाहून अधिक गडद आडवे पट्टे. ती समुद्राच्या तळालगत राहते. ह्या गोत्रांतील बहुतेक माद्या अंडीं घालतात, आणि तीं अंडीं कोंबडीच्या अंड्यासारखीं नसून चामड्याच्या चपट्या पिशवीसारखीं असतात. कित्येकांच्या कोंपऱ्यांना वेलीच्या तणाव्यांसारखे धागे असतात व त्यांनीं तीं समुद्रांतील झुडपांना अडकून राहतात. ॲरिस्टॉटलानें सुमारें २३०० वर्षांपूर्वीं आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत हीं अंडीं व त्यांचे केंसासारखे धागे वर्णून ठेविले आहेत. ज्ञानाच्या बाबतींत आपण फार पुढें गेलों असें ज्यांस वाटतें त्यांनीं हें वर्णन लक्षांत ठेवावें.

आतां हा मासा वर आला कसा, हें पाहूं. कारण १०२ वांवांपर्यंत आपल्या होडक्यांतील कोळी सहसा जात नसे. त्याला जाण्याचें प्रयोजनही नव्हतें. त्याचें पोट किनाऱ्याजवळच्या तारल्या-बांगड्यांवर भरत असे. खोल समुद्राच्या तळाशीं काय आहे ही जिज्ञासा त्या काळीं यूरोपांत नवीन होती. १८७२ ते १८७६ ह्या वर्षांत चॅलेंजर नांवाच्या ब्रिटिश जहाजानें जगाच्या समुद्रांतून फिरून तळचे प्राणी खरवडून आणिले, आणि त्या सफरीनें समुद्रविज्ञान हें शास्त्रच निर्माण झालें. हिंदुस्थान सरकारनें १८७४ मध्यें कलकत्त्यास समुद्रमापनाचें खातें उघडलें होतें, तें मात्र जिज्ञासेसाठीं नव्हे. बंदरें कोठें उथळ आहेत, खडक कोठें आहेत, जहाजें कोठून न्यावींत, ह्याचे नकाशे व्यापारास व आरमारास हवे होते. ह्या खात्यासाठीं १८८१ सालीं मुंबईच्या गोदींत एक नवें जहाज बांधण्यांत आलें. त्याचें नांव इन्व्हेस्टिगेटर. बाजूस चाकें असलेली लांकडी आगबोट होती ती. मुंबईची गोदी म्हणजे वाडिया घराण्याच्या सुतारकामानें जगांत नांव कमावलेली जागा. तेव्हां हिंदी महासागराचा तळ प्रथम नीट चांचपला तो मुंबईच्या कारागिरांनीं बांधलेल्या जहाजानें, ही गोष्ट मराठी वाचकानें विसरूं नये. इंग्रजी ग्रंथांतून कप्तानांचीं व डॉक्टरांचीं नांवें मिळतात. ज्यांनीं फळ्या तासल्या त्यांचीं त्यांत मिळत नाहींत.

ह्या जहाजावर एक डॉक्टर असे, व त्याच्याकडे खलाशांच्या प्रकृतीबरोबरच प्राणी गोळा करण्याचें काम दिलेलें असे. १८८८ मध्यें ह्या जागेवर आल्फ्रेड विल्यम अल्कॉक हा आला. त्याचें चरित्र एखाद्या कादंबरीस शोभण्यासारखें आहे. बाप जहाजाचा कप्तान. १८७६ च्या सुमारास बापाची सांपत्तिक स्थिति बिघडली, मुलाचें शिक्षण सुटलें, आणि सतरा वर्षांच्या ह्या पोरास वायनाडांत कॉफीच्या मळ्यावर धाडण्यांत आलें. पुढें कलकत्त्यास कचेरींत नोकरी, मग आसामच्या मळ्यांसाठीं मजूर भरती करणें, मग दार्जिलिंगास शिकवणी, असें भटकून तो अबर्डीनला वैद्यक शिकावयास गेला आणि १८८५ मध्यें डॉक्टर म्हणून पुन्हां हिंदुस्थानांत आला. वायनाड हें मलबारच्या माथ्यावरचें पठार. तेथें कॉफीच्या झुडपांत दिवस काढणाऱ्या मुलाला घाटाखालच्या समुद्राच्या तळाशीं आपलें नांव बांधलें जाणार आहे हें कोठून ठाऊक असणार?

चार वर्षें त्यानें इन्व्हेस्टिगेटरवर काढलीं. जहाजाचें मुख्य काम किनारे मोजण्याचें. त्यांतून सवड सांपडेल तेव्हां तारेच्या दोराला जाळें बांधून तें खोल सोडावयाचें, कांहीं वेळ तळावरून ओढावयाचें आणि वर घ्यावयाचें. जाळें वर येतांना पुष्कळ मासे दाब कमी झाल्यानें फुगून फुटत, कांहींचा रंग हवेंत येतांच उडे. जें टिकेल तें मद्यार्कांत बुडवून कलकत्त्याच्या म्यूझियमकडे रवाना होई. १८९३ मध्यें अल्कॉक त्याच म्यूझियमचा प्रमुख झाला, आणि त्यानें त्या बरण्या एकेक उघडून पाहिल्या. ह्या प्राण्यांचीं जीं चित्रें पुढें प्रसिद्ध झालीं तीं चौधरी, मंडल ह्या बंगाली चित्रकारांच्या हातचीं आहेत, व तीं आजही पाहणाऱ्यास थक्क करितात. १८९९ सालीं त्यानें म्यूझियमांतील खोल समुद्राच्या माशांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. आमची पट्टेवाली मांजरमुशी प्रथम जगापुढें आली ती तेथें. पुढें १९०२ मध्यें त्यानें ह्या सफरींवर ‘अ नॅचरलिस्ट इन इंडियन सीज’ हें रंजक पुस्तक लिहिलें, आणि १९०६ मध्यें तो म्यूझियम सोडून विलायतेस गेला. सूची कोरडी असते, पण शास्त्रांत जीव जन्माला येतो तो सूचींतच.

नांव मात्र त्यानें विचित्र दिलें. क्वाग्गा. हें नांव माशाचें नाहीं. क्वाग्गा हें दक्षिण आफ्रिकेंतील झेब्र्याच्या जातीचें जनावर होतें. त्याच्या मानेवर व पुढच्या अंगावर पट्टे असत, मागें तें साधें तपकिरी असे. तेथील खोइखोइ गुराख्यांनीं त्याच्या ओरडण्याच्या आवाजावरूनच त्याला हें नांव दिलें होतें. डच व इंग्रज वसाहतवाल्यांनीं कातड्यासाठीं व कुरणें मोकळीं करण्यासाठीं तीं जनावरें मारून टाकिलीं. जगांतील शेवटची क्वाग्गा मादी १८८३ च्या ऑगस्ट महिन्यांत ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयांत मेली. त्यानंतर सोळा वर्षांनीं अल्कॉकनें मलबारच्या माशाला तिचें नांव दिलें. अशा रीतीनें आफ्रिकेंतील गुराख्यांनीं केलेली एका जनावराच्या आवाजाची नक्कल आज हिंदी समुद्रांतील एका मुक्या माशाच्या नांवांत शिल्लक आहे. माशाच्या जातीचें जें ग्रीक नांव आतां रूढ आहे, हॅलॅल्यूरस, त्याचा अर्थ समुद्रांतील मांजर असाच होतो.

ह्याच्या उलट उदाहरण द्यावयाचें तर पॅट्रिक रसेल ह्या दुसऱ्या एका स्कॉटिश डॉक्टरचें देतां येईल. त्यानें १८०३ मध्यें विशाखापट्टणच्या दोनशें माशांचीं चित्रें छापलीं, तेव्हां माशांचीं तेथील लोकांच्या तोंडचीं नांवें तशींच ठेविलीं. मुशीच्या जातींपुढें ‘सोर्रा’ हा शब्द त्यानें कोळ्यांकडून ऐकून लिहिला आहे. आम्हांस रसेलची रीत अधिक आवडते. तरीही न्यायानें बोलावयाचें तर १०२ वांवांखालच्या माशाचें नांव विचारावयास अल्कॉक गेला असता, तर तें सांगणारा कोळी त्यास बहुधा भेटलाच नसता.

येथवर वाचलेल्या वाचकाच्या मनांत प्रश्न आला असेल कीं ह्यांत बीड कोठें आहे? तर १८९९ ह्या सालांत आहे. ज्या वर्षीं कलकत्त्यास ती सूची छापून निघाली त्याच वर्षीं नैर्ऋत्येचा पाऊस देशाच्या फार मोठ्या भागांत फिरकला नाहीं. मुंबई इलाखा, मध्यप्रांत, राजपुताना, गुजराथ, आणि निजामाचें हैदराबाद संस्थान, ज्यांत त्या वेळीं आमचा जिल्हा होता, हे सर्व त्या दुष्काळांत होरपळले. लाखों माणसें देशांत मेलीं, जनावरांची तर गणनाच नाहीं. सरकारच्या एका खात्यांतील एक मनुष्य शांतपणें माशाचे पट्टे मोजीत बसला होता आणि दुसऱ्या खात्यांतील लोक खडी फोडणाऱ्या दुष्काळग्रस्तांच्या हजेऱ्या घेत होते, असें चित्र रंगविण्याचा मोह होतो. परंतु तें अल्कॉकवर अन्याय करणारें होईल. कारण मासा आणि दुष्काळ हे एकाच ग्रंथाचे दोन अध्याय आहेत, हें पुढें समजून आलें.

तें कसें? जूनपासून जो वारा अरबी समुद्रावरून आपल्याकडे येतो तोच पाण्याची वाफ घेऊन येतो, व सह्याद्रीस धडकून कोंकण भिजवितो. घाट ओलांडून तो बालाघाटापर्यंत येईतों त्याची झोळी बरीच रिकामी झालेली असते. हाच वारा मलबारच्या किनाऱ्यालगतचें वरचें पाणी बाजूस लोटतो, आणि त्याची जागा घेण्यास खालचें थंड पाणी वर येतें. ह्या पाण्यांत क्षार व खाद्य विपुल, पण प्राणवायु थोडा. अरबी समुद्राच्या पोटांत सुमारें शंभर वांवांखालीं असा प्राणवायूनें दरिद्री झालेल्या पाण्याचा एक जाड थरच आहे, आणि आमच्या मांजरमुशीचें घर त्या थराच्या उंबऱ्यावर आहे. किनाऱ्यावर तारल्या-बांगड्यांच्या राशी पडतात त्या ह्या वर आलेल्या पाण्याच्या जोरावर. म्हणजे ज्या वाऱ्याची वाट बीडचा शेतकरी ज्येष्ठांत आभाळाकडे बघत पाहतो, तोच वारा त्या माशाच्या डोक्यावरचें पाणी खालवर करीत असतो. १८९९ मध्यें तो वारा कां रुसला, ह्याचा शोध घेण्याचें काम १९०४ मध्यें हवामानखात्याचा प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर ह्या गणितज्ञानें अंगावर घेतलें, आणि त्यांतूनच त्याला पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबांचा झोंका सांपडला. आज आपण वर्तमानपत्रांत एल निनो हा शब्द वाचतों. त्या शोधाच्या मुळाशीं ही दुष्काळाची भाकरी आहे. १९७२ सालीं आणि पुन्हां २०१५-१६ सालीं, जेव्हां केज तालुक्यांतील धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें आणि लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तेव्हांही पॅसिफिकमध्यें तीच उष्णता होती.

ह्याहूनही जुना एक ऋणानुबंध आहे. आमचा सगळा जिल्हा ज्या काळ्या दगडावर वसला आहे तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. त्याच उलथापालथींत सेशेल्सचा तुकडा हिंदुस्थानापासून फुटून दूर गेला आणि आपला पश्चिम किनारा बनला. किनारा आणि आमचा माळ हे एकाच बाळंतपणांतले. मांजरमुशींचें कुल तेव्हां जुनें झालें होतें. त्या कुलाचे अवशेष जुरासिक काळाच्या थरांत सांपडतात. म्हणजे वडीलकीच्या मानानें पाहिलें तर बालाघाटापेक्षां ही मुशी थोर.

असो. पण केवळ दगडाचा आणि वाऱ्याचा संबंध सांगून आमचें समाधान होत नाहीं. आमच्या लोकांच्या मनांतून समुद्र कधीं गेलाच नाहीं, असें आम्हांस वाटतें. परंपरा आंबेजोगाईस मुकुंदराजांचें स्थान मानते (पंडितांचा त्यावर वाद आहे, तो येथें नको), आणि शके १११० मधील त्यांच्या ग्रंथाचें नांव काय? ‘विवेकसिंधु’. चारशें वर्षांनीं त्याच गांवीं दासोपंत बसले, व त्यांनीं गीतेवर जो अफाट ग्रंथ लिहिला त्याचें नांव ‘गीतार्णव’; पदांचा संग्रह, तोही ‘पदार्णव’. ज्या गांवांतून समुद्र पहावयास कित्येक दिवसांची वाट चालावी लागे, त्या गांवीं मोठ्या ग्रंथाला दुसरें नांवच सुचूं नये, ह्याला काय म्हणावें? आणि आंबेजोगाईची योगेश्वरी ती तरी कोणाची? कथा सांगते कीं ती कोंकणांतून परळीच्या वैजनाथाशीं लग्न लावण्यास वऱ्हाड घेऊन निघाली, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी आंब्यासच राहिली. कोंकणांतील कित्येक घराणीं आजही कुलदेवतेस म्हणून इतक्या दूर येतात. समुद्राकांठची लेक माळावर नांदत आहे. तिच्या माहेरचीं माणसें दरसाल ओटी भरावयास येतात.

त्याच्याही आधीं सातवाहनांच्या काळीं पैठण व तेर येथून माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, असें ग्रीक भाषेंतील एका दर्यावर्दी पुस्तकांत लिहिलें आहे. हीं दोन्हीं नगरें आमच्या जिल्ह्याच्या दोन अंगांस. परतीच्या फेरींत समुद्राचे शंख येत, व त्यांच्या बांगड्या तेर-नेवाशाकडील उत्खननांत मिळाल्या आहेत. आणि अगदीं अलीकडे, १९४८ पूर्वीं, समुद्र नसलेल्या निजामानें पोर्तुगीजांकडून गोव्याचें मुरगांव बंदर मिळविण्याची खटपट चालविली होती. ती फसली तें फार बरें झालें. पण राजालाही समुद्राची तहान लागते, हें त्यावरून दिसतें.

पुन्हां माशाकडे वळूं. क्वाग्गा मांजरमुशीचें पुढें काय झालें? बरीच वर्षें कांहींच नाहीं. पहिल्या नमुन्यानंतर सोमालियाच्या पूर्व टोंकाजवळ कांहीं थोडे मासे मिळाले, आणि ह्या शतकांत केरळच्या बंदरांवर खोल पाण्यांत जाणाऱ्या ट्रॉलरांच्या जाळ्यांतून पुन्हां कांहीं हातीं आले. एक शतकभर एका जातीचा सारा इतिहास बोटांवर मोजण्याइतक्या नमुन्यांवर उभा होता. तरीही ही नशीबवानच म्हणावयाची. अरबी समुद्रांतून अल्कॉकनें आणिलेली दुसरी एक मांजरमुशी त्यानें दक्षिण अमेरिकेकडील जातींत चुकून घातली होती. १९१३ मध्यें सॅम्युएल गार्मन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें ती वेगळी ठरवून तिला अल्कॉकचेंच नांव दिलें. तिचा नमुना एकच होता. तो पुढें हरवला, आणि तसा दुसरा मासा मिळालेला नाहीं. एक बरणी हरवल्यानें एक जात पुन्हां काळोखांत गेली. नांव आहे, आणि नांवाखालीं दाखविण्यास कांहीं नाहीं.

ट्रॉलर हें यंत्र असें आहे कीं तें कोळंबीसाठीं सोडलें तरी तळावरचें सगळें उचलतें. जें विकत नाहीं तें फेंकून देतात, किंवा वाळवून कुटून त्याचें खत व कोंबड्यांचें खाद्य करितात. मुश्या सावकाश वाढतात, पिलें थोडीं देतात. तेव्हां असा उपसा त्यांना सोसवत नाहीं. इन्व्हेस्टिगेटरनें चार वर्षें धडपडून जेवढें आणिलें तेवढें एक बोट आज एका खेपेंत आणील, आणि त्यांत काय होतें हें पाहण्यास वर कोणी डॉक्टर बसलेला नसेल. अल्कॉकचें जाळें लहान होतें आणि सूची मोठी होती. आतां जाळें मोठें झालें आहे. अर्थात् सूचीचें काम अगदींच थांबलें आहे असें नव्हे. १९१६ पासून प्राणिसर्वेक्षण खातें आहे, केरळांत समुद्री माशांचे अभ्यासक भल्या पहांटे बंदरावर जाऊन टोपल्या उपसतात. केरळच्या जाळ्यांतील त्या मांजरमुश्यांची नोंद झाली ती अशाच लोकांच्या डोळ्यांमुळें.

हें सर्व वाचून झाल्यावर एका रविवारीं आम्ही गांवच्या आठवडी बाजारांत गेलों. लहानपणापासून तेथें एका कोंपऱ्यांत पोत्यावर सुकट आणि बोंबील मांडलेले असतात, आणि तो वास ओलांडून आम्ही भाजीकडे जात असूं. ह्या खेपेस थांबलों. विकणारी म्हातारी होती. आम्हीं तिला विचारलें, “मावशी, अंगावर पट्टे असलेली बारकी मुशी कधीं येते का ह्या मालांत?” तिनें आमच्या चष्म्याकडे पाहिलें. मग म्हणाली, “पट्टे कुठलं दिसत्यात दादा, वाळल्यावर. पोतं येतं मुंबईहून, त्यात जे आसंल ते.” तिनें मूठभर माल हातांत घेऊन आमच्यासमोर पसरला. आम्हीं वांकून पाहिलें. चिमुकल्या कोळंब्या, दोनचार कसल्याशा माशांचीं शेंपटें, थोडी वाळू. कांहीं न घेतां उठणें बरें दिसेना, म्हणून पावशेर सुकट मागितली. ती तिनें तोलून, वर चिमूटभर अधिक टाकून, कागदांत बांधून दिली.